बांधावर चालणारं चाक

तुर्भ्याच्या टायरच्या दुकानात गिऱ्हाईक काय काय घेऊन येतं ते दुकानदार धम्मपालला पाठ होतं. कुणी मोबाईलमधला फोटो आणतो, कुणी मेव्हण्याला आणतो, कुणी नुसताच तोरा आणतो. पण त्या दिवशी करावेगावची गोजराबाई पायरी चढून आली ती डोक्यावर चिखलानं भरलेलं घमेलं घेऊन. वर ओलं फडकं झाकलेलं. घमेलं तिनं चकचकीत लादीवर ठेवलं, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "तुमच्याकडं जी जी टायरं हायेत ना, ती एकेक करून याच्यावरनं फिरवा. मी बगते, मग सांगते कंचं घ्यायचं ते."

धम्मपालनं घमेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग तिच्यामागं उभ्या असलेल्या तिच्या लेकाकडे. लेकानं, म्हणजे प्रीतमनं, केव्हाच तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला घेतलं होतं. ऐरोलीच्या आयटी कंपनीत अख्खी टीम सांभाळणारा माणूस तो, पण आईच्या चिखलाची जबाबदारी घ्यायची त्याची तयारी नव्हती.

"मावशी, हे काय आहे?"

"बेलखारची खारी माती. सकालीच आनली. ताजी हाय."

ताजी हाय! जशी काय कोलंबी विकायला बसली होती.

आता हसायचं तर हसा, पण ही बाई दुकानात चिखल घेऊन का आली ते कळलं की हसू आपोआप थांबेल. त्यासाठी गोजराबाई कोण हे आधी सांगायला हवं.

सीवूड्सचे टॉवर संपतात तिथं करावेगाव सुरू होतं, आणि गावात शिरल्यावर कुणालाही विचारा, "गाडीवाली गोजरा" म्हटलं की बोट दाखवतील. वय पन्नाशीच्या पुढं. नवरा धर्मराज. तो खाडीत जाळी टाकायचा, कंबरेनं दगा दिला तेव्हापासून देवळाच्या कट्ट्यावर बसून लोकांना फुकट सल्ले देतो. शेती सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर घर चढलं, वरच्या मजल्यांवर भाडेकरू आले. दुसरी कुणी असती तर सोफ्यावर बसून सिरियली बघत भाडं खाल्लं असतं. गोजराबाईला विचारलं तर म्हणायची, "बसून ऱ्हायला मी काय देवलातली मूर्ती हाय? आन् देवीला पन पालखीत घालून फिरवतात की."

चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली. नेरूळच्या ड्रायव्हिंग स्कूलमधला मास्तर तिला मैदानाला चक्कर मारायला सांगत होता, तर ही म्हणे, "ते राहू द्या, मना आधी रिव्हर्स शिकवा. पुढं कोन पन जातं. मोऱ्याच्या धक्क्यावं गर्दीतनं मागं काढता आली पायजे." मास्तरनं कपाळाला हात लावला, पण शिकवलं. आणि बाई अशी काही शिकली की आजही उरणच्या मोरा जेट्टीवर टेम्पोवाले अडकले की हाक मारतात, "गोजरामावशी, जरा मागं काढून दे ना!"

पहाटे तिची बोलेरो कॅम्पर मोऱ्याला. तिथून मासळी घेऊन उलव्यावरून पाम बीच रोड, आणि उन्हं चढायच्या आत सीवूड्स-नेरूळच्या सोसायट्यांच्या गेटवर. तिथल्या बायका बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकतात, "गोजराताई आल्या," आणि लिफ्टला रांग लागते. हा झाला डांबरी रस्ता. पण दर पुनवेला आणि अवसेला गाडी परतीच्या वाटेवर उरण रोड सोडून उजवीकडे वळते, कच्च्या वाटेला लागते आणि हेलकावे खात बेलखारला जाते. बेलखार तिचं माहेर.

तिथं तिचा थोरला भाऊ हसुराम राहतो, आणि हसुरामची भातशेती आहे. खाडीला लागून, खाडीच्या पातळीच्याही खाली. मधे फक्त मातीचा बांध. त्या बांधाच्या अलीकडे तांबडं भात आणि पलीकडे खारं पाणी. पुनव-अवसेला उधाणाची भरती येते तेव्हा पाणी बांधाच्या गळ्यापर्यंत चढतं. कुठं चिंबोरीनं, म्हणजे खेकड्यानं, बीळ केलं असेल, कुठं माती खचली असेल, तर पाणी तिथून शिरतं आणि बघता बघता बांध फोडतं. त्याला तिकडं खांड पडली म्हणतात. एकदा खांड पडली आणि खारं पाणी शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही.

म्हणून त्या गावचा एक रिवाज. पावसाळ्यात बांधावर चप्पल घालून चालायचं नाही. मंत्री येवो की तलाठी येवो, बांध चढायच्या आधी पायातलं काढायचं. देवधर्माचा काही संबंध नाही. ओल्या बांधावर टाच रुतली की खळगा होतो, खळग्यात पाणी साचतं, तिथं चिंबोरी घर करते, आणि पुढचं सांगायला नको. गोजराचा बाप तिला लहानपणी बोटाला धरून शिकवायचा, "टाच मारायची नाय, बाय. पाऊल पसरायचं." ती अजून तशीच चालते. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा.

आणि या बांधावर चाक नाही. ट्रॅक्टर नाही, जीप नाही, सायकलसुद्धा नाही. ही बंदी हसुरामची, आणि तिच्यामागं हसुरामचं दुखणं आहे. काही वर्षांपूर्वी अशीच खांड पडली, डोक्यावरनं मातीच्या गोण्या वाहून वाहून माणसं दमली, तेव्हा त्यानंच घाईघाईत ट्रॅक्टर बांधावर बोलावला. खांड बुजली. गावानं त्याला खांद्यावर घेतला. पण ट्रॅक्टरच्या दातऱ्या चाकांनी बांध असा काही फाडला होता की पुढच्या उधाणाला त्याच चाकोऱ्यांतून बांध दोन जागी फुटला. गावची सगळी खार, म्हणजे बांधाआडची भातशेती, बुडाली. शेजारपाजारच्यांनी एकेक करत शेती सोडली, कुणी कंटेनर यार्डात नोकरी धरली, कुणी जमीनच काढून टाकली. कुणी हसुरामला तोंडावर काही बोललं नाही. त्याला त्याचाच राग आला, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आता तो एकटाच पिकवतो. गुडघे गेलेत. उधाणाच्या दिवसांत गोण्या वाहायला माणसं मिळत नाहीत. गेल्या वर्षी भात झोडताना तो बायकोला, सगुणावहिनीला, म्हणाला, "आता पुन्हा खांड पडली ना, तर मी बांदनार नाय. पानी येईल तर येऊं दे. बस झाला." गोजराबाई तिथंच सुपानं पाखडत होती. तिनं ऐकलं आणि पाखडत राहिली. घरी येताना मात्र पाम बीच रोडला सिग्नल हिरवा झाला तरी तिची गाडी जागची हलेना, मागचे हॉर्न मारून मारून थकले. भावाला गाडीनं गोण्या नेऊन दिल्या पाहिजेत, हे तिनं त्या सिग्नलवर ठरवलं. पण भाऊ चाक चढू देणार नाही. मग असं चाक शोधायचं की ज्याला तो नाही म्हणू शकणार नाही.

नशीब असं की तेवढ्यातच गाडीची टायरं गुळगुळीत झाली होती. घरात विषय निघाला, आणि घरात विषय निघाला की करावेगावात निघाला. प्रीतम म्हणाला, "आये, टायर मी घेऊन देतो. तू काही बोलू नकोस." त्यानं लॅपटॉप आणून आईला व्हिडिओ दाखवला. एक जीप चिखलातून डरकाळ्या फोडत चालली होती, मुठीएवढ्या खाचांची ती टायरं, आणि मागं चिखलाची ढेकळं उडत होती घराच्या कौलांपर्यंत.

"मड टेरेन. चिखलात याचा कुणी हात धरणार नाही," प्रीतम म्हणाला.

"गावात सगळी पोरं हीच लावतात," कट्ट्यावरून जेवायला आलेल्या धर्मराजनं री ओढली. "गाडी कशी वाघासारकी दिसते."

गोजराबाईनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. ढेकळं पुन्हा उडाली. ती म्हणाली, "ही उडतेय ती माती कोनाच्या बांदाची हाय रे?"

प्रीतमनं लॅपटॉप मिटला. धर्मराजनं ताटातल्या निवट्या माशांत लक्ष घातलं.

तर असं ते घमेलं तुर्भ्याला आलं. त्याच्याआधी ते आणखी दोन दुकानांत जाऊन आलं होतं. एकानं "बाई, बाहेर ठेवा ते" म्हटलं, दुसऱ्यानं हसून चहा पाजला आणि वाटेला लावलं. धम्मपाल मात्र वेगळा निघाला. त्याचा बाप रस्त्याच्या कडेला पंक्चर काढायचा, हा टायरच्या वासातच वाढला. त्यानं क्षणभर विचार केला, जमिनीवर जुनं बॅनर अंथरलं, त्यावर चिखल ओतून हातानं थापला आणि म्हणाला, "चला मावशी. आजवर मी गिऱ्हाइकांना टायर दाखवला. आज टायरला गिऱ्हाईक दाखवू."

पहिला आला हायवेचा टायर. सरळ रेघांचा, सभ्य. धम्मपालनं त्याच्यावर भार देऊन तो चिखलावरून फिरवला. रेघा लगेच चिखलानं बुजल्या आणि टायर साबणाच्या वडीसारखा घसरला. "हा बांदावनं मना सरळ खाडीत टाकनार," गोजराबाई म्हणाली. मग आला मड टेरेन, प्रीतमचा वाघ. त्यानं पकड घेतली, यात शंका नाही. पण फिरून गेला तिथं चिखल उकरलेला, कडा उभ्या चिरलेल्या. गोजराबाई उकिडवी बसली, त्या चिरांवरून तिनं अंगठा फिरवला. तिच्या चेहऱ्यावरनं कळत होतं की तिला तो ट्रॅक्टर आठवत होता.

"पकडतो चांगला," धम्मपाल म्हणाला.

"पकडतो तो कापून पकडतो. मना दाबून पकडनारा पायजे."

धम्मपालनं मान हलवली. आत गेला आणि ऑल टेरेन टायर घेऊन आला. खाचा होत्या, पण जवळजवळ. कडेचे खांदे गोल. ठोकळ्यांवर बारीक चिरा. तो फिरवला, तर चिखलावर नक्षी उमटली आणि नक्षी तशीच राहिली, कडा ढासळल्या नाहीत. गोजराबाईनं खाचेत अडकलेली माती बोटानं काढून बघितली. एका ओढीत सुटली. तिनं दुसरी खाच बघितली, तिसरी बघितली. मग म्हणाली, "याचं पाऊल बरं हाय."

"पण मावशी, खरं सांगतो," धम्मपाल म्हणाला. "हा सगळीकडे चालतो, म्हणजे कुठंच पहिला नंबर नाही. डांबरावर हायवेच्या टायरएवढा गपगार नाही, आणि खोल चिखलात मड टेरेनच्या मागं. फसलात तर शिव्या मला नका देऊ."

"म्हंजे सासरी पन चालनार आन् माहेरी पन चालनार. बाईमानसाला आनखी काय पायजे?"

दुकानातली पोरं खो खो हसली. आता प्रीतमही रस्ता सोडून आत आला, आणि इथं मात्र पोरानं लाज राखली. त्यानं विचारलं, ओल्या पाम बीच रोडवर ब्रेक मारला तर हा कसा थांबतो, मासळीची बर्फाची खोकी आणि गोण्या धरून भार पेलेल असा कुठला, बाजू जाड आहे का. धम्मपाल आणि तो असे बोलत बसले की चहा थंड झाला. शेवटी प्रीतम आईला म्हणाला, "कच्च्यात शिरताना हवा थोडी कमी करायची. टायर पसरतो, रुतत नाही. मात्र भार आहे म्हणून फार कमी नाही. आणि परत डांबरावर आलं की भरून घ्यायची. मी छोटा पंप घेऊन देतो."

गोजराबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, म्हंजे पाऊल पसरायचं! बाबांनी शिकवलं तेच!" आणि तिनं भर दुकानात, चिखलाच्या हातानं, टीम सांभाळणाऱ्या लेकाचा गालगुच्चा घेतला.

नवी टायरं लावून ती थेट बेलखारला गेली. हसुराम ओट्यावर जाळं विणत होता. तिनं सगळं सांगितलं, घमेल्यासकट. तो उठला, लंगडत गाडीपाशी आला, टायर निरखला. टायरवर तळहात ठेवला. 

"चांगला हाय," तो म्हणाला. "पन चाक ते चाकच. बांदावं नाय." आणि परत जाळ्याकडे गेला.

गोजराबाई रागावली नाही असं नाही. परतताना गाडीत ती एकटीच मोठमोठ्यानं भावाशी भांडली. "हट्टी! म्हातारा! बाबांसारकाच!" आणि उलव्याजवळ रडलीसुद्धा. पण पुढच्या पुनवेला तिनं बेलखारच्या देवळामागं मातीच्या गोण्या भरून ठेवायला घेतल्या. हसुराम बघत होता. 

मग आली आषाढातली अवस. गटारी. त्यातही रविवार. आगरी माणसाला गटारीला काय काय लागतं ते सांगायची गरज नाही. निम्मं बेलखार मटणाच्या रांगेत होतं, निम्मं चुलीपाशी. गोजराबाई मोऱ्याहून चिंबोऱ्या आणि सुकी मासळी घेऊन परतत होती. प्रीतम सोबत होता, मामाकडे जेवायचा बेत होता म्हणून. आकाश दाटलेलं, रात्रभर पडून पाऊस सकाळी उघडलेला. तेवढ्यात सगुणावहिनीचा फोन आला. वहिनी फोनवर कधी ओरडत नाही, ती ओरडत होती. "बाय, बांदातनं पानी वाहतंय! दुपारचं उदान यायचं हाय अजून. हे एकटेच गोनी घेऊन गेलेत. यांना आवर!"

गोजराबाईनं गाडी अशी वळवली की चिंबोऱ्यांची टोपली आडवी झाली. पुढच्या सगळ्या वाटेवर प्रीतम सीटखाली चिंबोऱ्या पकडत होता.

बांधापाशी पोचली तर हसुराम दिसला. डोक्यावर गोणी, पाय लटपटतायत, आणि तरीही पाऊल पसरून, टाच न मारता चाललाय. पुढं दूर, बिडी ओढून संपेल एवढ्या अंतरावर, बांधाच्या कुशीतून पाण्याची धार शेताकडे उतरत होती. अजून हातभर रुंद. भरती चढत होती, आणि भरती चढली की त्या धारेचं दार व्हायला वेळ लागणार नव्हता. आलेली माणसं सगुणावहिनी धरून सहा-सात. देवळामागच्या गोण्या डोक्यावरनं नेत बसलं तर उधाण आधी पोचणार, हे कुणालाही दिसत होतं.

"दादूस, गोन्या गाडीत भरते."

"नाय."

"पानी बग."

"बगतोय. मागं पन बगलाय." त्यानं गोणी खाली टाकली आणि तिच्यावरच बसला. धाप लागली होती. "माज्याच हातानं बांद फारला मी. पुन्हा नाय फारनार. जाईल तर जाऊं दे शेत."

गोजराबाईनं वाद घातला नाही. तिनं चपला काढल्या, भावासमोर उकिडवी बसली आणि त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला. "दादूस, ऐक. तू पुढं चाल, अनवानी. मी तुज्या मागनं येते, तुज्या पावलानं. चाक रुतताना दिसलं का हात वर कर. मी थितंच बंद करीन. मग गाडी बुडाली तरी एक इंच पुढं घेनार नाय. बाबांची शपथ."

हसुराम तिच्याकडे बघत राहिला. तिच्या गाडीवर तिचं पोट आहे हे त्याला ठाऊक होतं. मग तो गोणीला रेटा देऊन उठला आणि खांडीच्या दिशेनं वळला. हो म्हणाला नाही, पण वळला.

प्रीतमनं चारी टायरांची हवा कमी केली, मोजून. गोण्या भरल्या. आणि बेलखारच्या बांधावर इतक्या वर्षांनी चाक चढलं. हसुराम पुढं चालायचा, तोंड गाडीकडे करून, उलटा, नजर चाकांवर. गोजराबाई पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर पाय असा हलका की जणू झोपलेल्या पोराला थोपटतेय. दोन्ही बाजूंना वीतभर माती, एकीकडे खाडी, एकीकडे भात. खांडीपाशी गोण्या उतरल्या. आता गाडी वळवायला जागाच नाही, म्हणून अख्खा बांध रिव्हर्समध्ये. आरशात बघत, मान बाहेर काढून. नेरूळचा तो मास्तर तिथं असता तर त्यानं कपाळावरचा हात काढून सलाम ठोकला असता.

दुसरी खेप झाली. धार बारीक झाली. पण उधाण आता खरं चढलं होतं, लाटा बांधावर थापा मारत होत्या. तिसऱ्या खेपेला गाडी अर्ध्या वाटेवर आली आणि हसुरामनं हात वर केला.

डावं मागचं चाक; गाडी त्या बाजूला कलली होती. फार नाही, दोन बोटं रुतलं असेल. खांड समोर दिसत होती. तिकडून माणसं ओरडत होती, "अगो मार ना रेस! एवरंच तर ऱ्हायलंय! पानी आलं, गोजरे!" आणि खरंच एक रेस मारली असती तर गाडी पोचली असती. तिला ठाऊक होतं. तिच्या पायाला ठाऊक होतं.

तिनं चावी फिरवली. इंजिन बंद.

"आये!" प्रीतम ओरडला. "पाणी चढलं तर गाडी जाईल!"

"शब्द दिलाय. उतर. बूट काड."

आणि मग ऐरोलीच्या कंपनीतला तो साहेब अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्यावर गोणी घेऊन बांधावरनं चालला. पहिल्या पावलाला त्याची टाच रुतली. मागनं आई ओरडली, "पसर! पाऊल पसर!" त्यानं पसरलं. माणसांची साखळी झाली. मटणाच्या रांगेत बातमी पोचली होती, तिकडूनही पोरं पिशव्या टाकून धावत आली, हातात चपला घेऊन. गोण्या हातोहात सरकल्या. भरती माथ्यावर आली तेव्हा खांडीवर शेवटची गोणी बसत होती आणि हसुराम छातीभर पाण्यात उभा राहून पायानं माती दाबत होता.

मग फक्त थांबायचं. गाडी बांधाच्या मधोमध, लाटांचं खारं पाणी उडून चाकांना लागत होतं. गोजराबाई बांधावर बसून तिच्याकडे बघत होती आणि ओठ हलवत होती. देवाचं नाव घेत होती की शिव्या देत होती, कोण जाणे, ती दोन्ही एका दमात करते. बांध ओला काळा झाला, कुठं कुठं पाझरला, पण उभा राहिला. हळूहळू पाणी बांधाच्या काठावरनं उतरलं, मग कुशीत गेलं. उधाण परत फिरलं. शेतात भात तसंच होतं, हिरवंगार. सगुणावहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागली.

गाडी हलकी करून, चाकाखाली पेंढा घालून, गोजराबाईनं ती मागं मागं घेत बांधाबाहेर काढली. उतरून उभी राहिली. आता भाऊ काय म्हणतो याची तिला भीती वाटत होती. चाक रुतलं होतं, हे खरं होतं.

हसुराम चाकोरीवरनं चालत येत होता, अनवाणी, एकेक पाऊल ठेवून, तळपायानं चाचपत. जिथं चाक रुतलं होतं तिथं थांबला, पायानं माती ओढून दाबली, पुढं आला. गाडीपाशी आला आणि मागच्या चाकापुढं मांडी घालून बसला. टायरच्या खाचांत बांधाचा चिखल भरला होता. त्यानं एका खाचेत बोट घातलं आणि चिखलाची वडी बाहेर काढली. मग दुसरी. हातात मूठभर माती जमली, तशी उठून त्यानं ती बांधावर नेऊन चाकोरीत बसवली आणि तळव्यानं थापली. परत आला. परत खाचेत बोट.

"दादूस, काय करतंस?"

"बांदाची माती हाय," तो म्हणाला. "ती काय करावेला जाऊं द्यायची?"

गोजराबाईनं पदर खोचला. ती दुसऱ्या चाकापाशी बसली आणि तीही खाचा उकरायला लागली. जरा वेळानं प्रीतम तिसऱ्या चाकापाशी बसला. गावातनं मटणाचा वास येत होता आणि तिघं मूठ मूठ माती परत बांधावर नेत होती.  शेवटची मूठ थापून झाल्यावर हसुराम टायरला धरून उठला, गुडघा चोळला आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, "पुनवेला येशील तवा गोन्या थोड्या कमी भर. मागचं चाक दमतंय."